फत्तेचे वाटेकरी

लग्नकार्य आटोपते, मांडव उतरतो, पाहुणे आपापल्या गाडीला लागतात आणि घरची मंडळी ओसरीवर पाय पसरून बसतात, की एक निराळाच हिशेब सुरू होतो. मामा म्हणतात, 'ऐन वेळी आचारी मी गाठला म्हणून पंगती उठल्या.' काकू म्हणतात, 'रुखवतासाठी तीन रात्री जागले ती मीच.' थोरला भाऊ पाण्याच्या टाक्यांची आठवण करून देतो, तर धाकटा म्हणतो, वरात वेळेवर निघाली ती माझ्या धावपळीमुळे. यात खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाने आपले जागरण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते आणि दुसऱ्याचे जागरण चालू असताना तो स्वतः दुसरीकडे राबत असतो. पण सगळ्यांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज केली, तर एका मांडवात तीन लग्ने लागली असावीत असे वाटू लागते.

राष्ट्रांचे याहून वेगळे नाही. २०१९ साली मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने अकरा देशांतील लोकांची दुसऱ्या महायुद्धाविषयीची स्मृती तपासून पाहिली. त्यांत आठ देश जिंकलेल्या बाजूचे होते आणि जर्मनी, इटली, जपान हे तीन हरलेल्या बाजूचे. जिंकलेल्यांना विचारले, 'या विजयात तुमच्या देशाचा वाटा शेकडा किती?' रशियन लोकांनी सुमारे पाऊण हिस्सा आपल्याकडे घेतला. अमेरिकन आणि इंग्रज या दोघांनीही प्रत्येकी निम्म्याहून थोडा अधिक घेतला. मग फ्रान्स, चीन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांचे वाटे. एकूण बेरीज शंभरावर थांबायची, ती तीनशेच्या वर गेली.

हे वाचून हसू येते. परंतु त्या आठ नावांकडे पुन्हा एकदा पाहिले म्हणजे ते हसू ओठांवरच विरते. त्यांत हिंदुस्थान नाही. ज्या देशाचे सुमारे २५ लाख लोक सैन्यात दाखल झाले आणि ज्यांपैकी सुमारे ८७ हजार परत आले नाहीत, त्याला वाटा सांगायला कोणी बोलावलेच नव्हते. पंगतीत पान मांडलेले नव्हते, हे खरे. पण पान मांडलेले असते, तर आपण काय सांगितले असते? आपल्याजवळ सांगण्यासारखी वही तरी आहे काय? प्रस्तुत लेखात युद्धाविषयीच्या काही ग्रंथांची, स्मारकांची आणि मौनांची जी तपासणी करावयाची आहे, ती या प्रश्नासाठी.

*

दिवाळीत वहीपूजन होते. नवी वही कोणत्या दिवशी उघडायची हे व्यापाऱ्याने ठरवले, की जुन्या वर्षाचे पुष्कळसे देणे-घेणे दृष्टीआड होते. युद्धाच्या इतिहासातही पहिली लबाडी आकड्यांत नसते, ती वही उघडण्याच्या तिथीत असते. इंग्रजांची वही १९३९ च्या सप्टेंबरात उघडते. अमेरिकेची १९४१ च्या डिसेंबरात, पर्ल हार्बरवर बाँब पडले त्या दिवशी. चीन म्हणतो, आमच्यावर जपान १९३७ च्या जुलैतच तुटून पडला. तुम्ही उशिरा जागे झालात. आणि रशियात या युद्धाला 'महान पितृभूमी युद्ध' असे नाव आहे. ते सुरू होते २२ जून १९४१ रोजी.

या शेवटच्या तिथीत मोठी मखलाशी आहे. वही १९४१ मध्ये उघडली म्हणजे १७ सप्टेंबर १९३९ या दिवसाची नोंद करावी लागत नाही. त्या दिवशी रशियन फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या होत्या. पश्चिमेकडून हिटलर अगोदरच शिरलेला होता. पण म्हणून रशियाचे पाऊण हिश्शाचे मागणे निव्वळ फुशारकी ठरते काय? तसेही नाही. त्या देशाची सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसे या युद्धात मेली, आणि जर्मन सैन्याचा कणा मोडला तो पूर्वेच्याच आघाडीवर. इतके रक्त ज्याने सांडले, त्याला शेजाऱ्याने पुरवलेल्या मोटारींचा विसर पडणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. अमेरिकेने पाठविलेल्या ट्रक आणि जीप गाड्यांची संख्या चार लाखांच्या घरात जाते. सोव्हिएत काळच्या इतिहासांत त्यांना अगदी तळटिपेची जागा मिळाली. त्या मालापैकी बराच इराणमार्गे जाई आणि त्या रस्त्यांवर हिंदी शिपाई राबत होते. या कामाबद्दल रशियाने १९४४ मध्ये हिंदी सैन्याच्या वाहतूक दलातील सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंग यांना 'लाल तारा' हे पदक दिले होते. रशियाच्या वहीत अमेरिका तळटिपेत गेली. मग त्या तळटिपेतला हिंदी ड्रायव्हर कोठे शोधावा?

आता वही लिहून झाल्यावरही तिच्यातील शाई बदलते, याचे उदाहरण फ्रान्सने दिले आहे. १९४५ च्या मे महिन्यात तेथे लोकांना विचारले, जर्मनीला हरविण्यात सर्वांत मोठा हात कोणाचा? शेकडा ५७ जणांनी रशियाचे नाव घेतले आणि २० जणांनी अमेरिकेचे. २००४ साली हाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ५८ जणांनी अमेरिका म्हटले आणि २० जणांनी रशिया. साठ वर्षांत आकडे जसेच्या तसे उलटले. या साठ वर्षांत रणांगणावर काहीच बदलले नव्हते. मेलेले मेलेलेच होते. बदलली ती मैत्री, आणि बदलले ते पडद्यावरचे चित्र. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणारे अमेरिकन सैनिक फ्रान्समधील दोन पिढ्यांनी चित्रपटगृहांत पाहिले. स्टालिनग्राडचे मढे तितक्या वेळा कोणी दाखविले नाही. लोकांची स्मृती ही बहुतांशी त्यांनी वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींची स्मृती असते. म्हणून युद्धाच्या ग्रंथांचे परीक्षण हे केवळ इतिहासाच्या प्राध्यापकांवर सोडून चालत नाही. ते वाङ्मयाच्या टीकाकाराचेही काम आहे.

*

या ग्रंथांचा मेरुमणी म्हणजे चर्चिलसाहेबांचे सहा खंड. ते १९४८ ते १९५३ या काळात प्रसिद्ध झाले, आणि शेवटचा खंड निघाला त्याच वर्षी त्यांना वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. भाषेचा ओघ, प्रसंगाची मांडणी, मोठ्या माणसांची रेखाटने या बाबतींत या ग्रंथाला तोड नाही, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य करावे. परंतु वाङ्मयगुणांची मोहिनी जेवढी अधिक, तेवढी वाचकाने सावधगिरी अधिक बाळगावी. हिंदी शिपायांच्या शौर्याविषयी त्यात चार गौरवाचे शब्द आहेत. पण त्याच लेखणीने चर्चिल असेही सांगतात, की युद्धाच्या भीषणतेपासून हिंदुस्थानच्या जनतेइतके सुरक्षित जगात कोणी राहिले नाही, आणि इंग्लंडच्या चिमुकल्या बेटाने तिला आपल्या खांद्यांवरून पलीकडे नेले.

हा खांद्यांचा दृष्टान्त क्षणभर तपासून पाहू. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली. युद्धात इंग्लंडची जेवढी माणसे मेली, त्यांच्या कितीतरी पट हा आकडा आहे. सहा खंडांच्या त्या अफाट विस्तारात या दुष्काळाला जवळजवळ जागाच नाही. दुसरी गोष्ट पैशांची. हिंदुस्थानातून माल, धान्य, कापड, माणसे गेली, त्यांची किंमत इंग्लंडने रोख दिली नाही, खात्यावर मांडली. युद्ध संपले तेव्हा इंग्लंड आपले सुमारे १३० कोटी पौंडांचे देणे लागत होते. ज्याला खांद्यावर बसवून नेले, त्याचेच हे कर्ज! कोण कोणाच्या खांद्यावर होते, हे सांगायला फार मोठा हिशेबनीस नको.

तरीही चर्चिलवर खोटेपणाचा आरोप करणे मला पटत नाही. त्यांचा दोष वेगळा आहे, आणि तो वाङ्मयीन आहे. त्यांच्या कथेत एकच नायक मावतो. बाकी सगळे त्याच्या संकटाचे किंवा त्याच्या विजयाचे साहित्य होतात. एकनायकी आख्यानात सहकाऱ्याला भालदाराखेरीज दुसरी जागा उरत नाही.

याच्याशेजारी जनरल स्लिम यांचे ब्रह्मदेशच्या मोहिमेवरील आत्मवृत्त ठेवून पाहावे. ते १९५६ मध्ये निघाले. स्लिम यांची चौदावी सेना ही बहुसंख्येने हिंदी शिपायांची होती; तिच्यात गुरखे होते, पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेतले सैनिक होते, इंग्रजही होते. स्लिम स्वतः हिंदी लष्करात वाढलेले. त्यांच्या पुस्तकाची सुरुवातच पराभवाने होते, आणि पराभव कोणाच्या चुकीने झाला हे सांगताना ते पहिले बोट स्वतःकडे वळवितात. जो लेखक आपल्या चुका उघडपणे लिहू शकतो, त्याला दुसऱ्याचे श्रेय लिहिताना हात आखडावा लागत नाही. त्यांच्या पानांवर खेचरे हाकणारा, पूल बांधणारा, जखमी वाहून नेणारा माणूस दिसतो. अर्थात त्यांच्या दृष्टीलाही एक सीमा आहे. समोरच्या बाजूला आझाद हिंद सेनेत उभा राहिलेला हिंदी माणूस त्यांना तुच्छतेशिवाय पाहता येत नाही. पण इतके सोडले, तर मित्राच्या श्रमाला जागा असलेले युद्धवृत्त कसे असते, याचा हा चांगला नमुना आहे. १९४४ च्या इंफाळ-कोहिमाच्या लढाईला इंग्लंडातील लष्करी संग्रहालयाच्या २०१३ मधील मतदानात इंग्रजांची सर्वांत थोर लढाई म्हणून पसंती मिळाली, त्यालाही अशा पुस्तकांनी तयार केलेली जमीन कारण झाली असावी. मात्र 'इंग्रजांची' लढाई हा शब्द तेथेही सुटला नाहीच.

*

हे सगळे दूरचे झाले. फत्तेच्या वाटणीचा एक फार जुना आणि फार बोलका मासला बुलढाणे जिल्ह्यातच आहे. जिजाऊंच्या माहेरचे सिंदखेड राजा महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच तालुक्यातले साखरखेर्डा तितके ठाऊक नाही. १७२४ च्या ऑक्टोबरात येथे निजाम-उल्-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला. दिल्लीची सत्ता दक्षिणेतून व्यवहारतः उठली आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला तो येथे. या लढाईत निजामाच्या मदतीला चोवीस वर्षांचा बाजीराव पेशवा आपली फौज घेऊन आला होता. निजामाने त्याला पोशाख, हत्ती, जवाहीर आणि सात हजारी मनसब देऊन गौरविले. आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव बदलून फतेहखेर्डा केले.

आता हाच प्रसंग दोन घराण्यांच्या इतिहासांत पाहावा. आसफजाही इतिहासात तो राज्यस्थापनेचा मंगल क्षण असतो आणि त्याचा नायक अर्थातच निजाम असतो. मराठे तेथे मदतनीस म्हणून उभे असतात. मराठी इतिहासात तोच प्रसंग बाजीरावाच्या उमेदवारीतला एक टप्पा होतो आणि वाचक पान उलटून पालखेडकडे जाण्याची घाई करतो. कारण अवघ्या चार वर्षांत, १७२८ साली, याच दोन मित्रांनी एकमेकांसमोर तलवार उपसली आणि पालखेडला कोंडी झालेल्या निजामाने मुंगी-शेवगावचा तह केला. मैत्री फिसकटली म्हणजे जुन्या मदतीची किंमत दोन्ही वह्यांत उतरते. ज्याने मदत घेतली त्याला ती आठवायची नसते, आणि ज्याने दिली त्यालाही आपण उद्याच्या वैऱ्याला राज्य मिळवून दिले हे सांगायला आवडत नाही.

वऱ्हाडचा मुलूख पुढे इंग्रजांकडे कसा गेला, तेही आठवावे. निजामाच्या संरक्षणासाठी म्हणून इंग्रजांनी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज ठेवली. तिचा खर्च निजामावर चढत गेला. आणि ते देणे भागविण्यासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. म्हणजे मित्राच्या फौजेचे बिल बुलढाणे-मेहकरच्या काळ्या जमिनीने चुकते केले. १९०२ मध्ये तर सालीना २५ लाख रुपयांवर तो कायमचा पट्टाच झाला.

मग पहिले महायुद्ध आले. निजामाने इंग्रजांना उदार हाताने पैसा दिला. त्याच्या देणगीतून विमाने घेतली गेली आणि एका वैमानिक तुकडीच्या नावात 'हैदराबाद' हा शब्द कायमचा जोडला गेला. १९१८ मध्ये त्याला 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' हा किताब मिळाला. निजामाने त्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहिला असावा. दोस्त म्हणजे बरोबरीचा, असे समजून त्याने १९२३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्याकडे आपले वऱ्हाड परत मागितले. १९२६ च्या मार्चमध्ये रीडिंग यांनी दिलेले उत्तर हिंदी राज्यव्यवहारात प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानात ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वोच्च आहे आणि कोणाही संस्थानिकाला इंग्रज सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत, असे त्यांनी ठणकावले. किताबातला दोस्त खऱ्या हिशेबात मांडलिक ठरला. पुढे १९३६ च्या करारात निजामाच्या नावापुरत्या मालकीला मान्यता मिळाली आणि त्याच्या वारसाला 'वऱ्हाडचा युवराज' म्हणवून घेण्याचा मान मिळाला. मुलूख नाही, तर निदान पदवी.

या सगळ्या पत्रव्यवहाराला वाङ्मय म्हणून वाचले, तर त्यात एक पात्र पूर्णपणे गैरहजर आहे. ते म्हणजे वऱ्हाडचा माणूस. निजामाने आपल्या पत्रात वऱ्हाडला स्वायत्ततेचे आश्वासन दिले होते, हे खरे. पण मागणारा निजाम आणि नाकारणारा रीडिंग या दोघांच्याही वहीत वऱ्हाड हे युद्धातल्या मदतीच्या बदल्यात देण्याघेण्याचे एक नाणे होते. दुसऱ्या युद्धातही तेच. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस ज्यांच्याकडे जाई, त्यांत जपान हे फार मोठे गिऱ्हाईक होते. १९४१ मध्ये जपानशी व्यापार तुटला आणि त्या कापसाचा बाजार बसला. खामगाव-मलकापूरच्या बाजारात गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याने हे युद्ध पुकारले नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थानच्या वतीने ते पुकारले होते. तरी त्याची झळ या शेतकऱ्याला लागलीच. हा वाटा कोणत्याही राष्ट्राच्या शेकडेवारीत धरलेला नाही.

*

येथवर आपण दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. आता आपली उघडू.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत-अल्-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने टेकीस आलेली ही फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले आणि त्यांतले हजारो कैदेत मेले. सेनापती टाउनशेंड यांनी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर आरामात कैद भोगली. १९२० मध्ये त्यांनी या मोहिमेवर ग्रंथ लिहिला. शिपायांनी काही लिहिले नाही. त्यांच्या गावांत इंग्रजांनी दगडी पाट्या बसविल्या. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांच्या चावडीवर किंवा वेशीवर त्या अजून दिसतात. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. टीकाकाराच्या नजरेने ही पाटी वाचली, तर ती फार प्रामाणिक वाटते. गावाने माणसे दिली आणि सरकारने त्यांची मोजदाद केली. नावे लिहिण्याची गरज दोघांनाही भासली नाही.

नावे आली ती दुसऱ्या युद्धात, आणि तीही इंग्रजी प्रशस्तिपत्रांतून. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सारे शिपाई मशिनगनच्या माऱ्यात पडले. उरलेला हा एकटा त्या गनवर धावून गेला, हातगोळ्याने ती बंद पाडली, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने शेवटचे दोघे लोळविले, आणि लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने तेथेच पडला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोघा जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले, मग एकट्याने मशिनगनची ठाणी उद्ध्वस्त केली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या तुकड्यांना पुढे बोलाविले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठीत यांच्यावर काय आहे? शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा, एखादी पुस्तिका, माणगावातला घाडग्यांचा पुतळा. मोठी कादंबरी नाही.

मराठीतली या युद्धाची मोठी कादंबरी म्हणजे विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. बेडेकर वऱ्हाडचे, अमरावतीला जन्मलेले. ही कादंबरी १९३९ मध्ये निघाली. म्हणजे युद्ध पुरते पेटण्यापूर्वीच तिने त्याची राख पाहिली. तिच्यात हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, बोटीवरचे काही दिवसांचे प्रेम आहे, मुंबईला उतरून जाणारा चक्रधर आहे आणि पुढे जाणारी हॅर्टा आहे. दुसऱ्या राष्ट्राचे दुःख आपल्या भाषेत इतक्या जवळून आणणारे दुसरे पुस्तक मराठीत क्वचितच सापडेल. मराठी मनाला परके दुःख पाहता येते, याची ती साक्ष आहे. मग त्याच समुद्रावरून उलट दिशेने गेलेल्या मराठी शिपायाचे दुःख त्याच मनाला का दिसले नाही?

याचे उत्तर 'अनास्था' या एका शब्दात देणे अन्यायाचे होईल. १९४२ मध्ये विदर्भात चिमूर आणि आष्टी येथे लोक गोळ्या झेलीत होते. ज्या सरकारच्या त्या गोळ्या, त्याच सरकारच्या पलटणीत दुसरे हिंदी लोक आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात लढत होते. आणि तिसरे नेताजींच्या मागून त्याच पलटणींच्या समोर उभे ठाकले होते. तिघेही आपलेच. स्वातंत्र्यानंतर आपण पहिल्याचे आणि तिसऱ्याचे पोवाडे गायिलो आणि दुसऱ्याविषयी गप्प राहिलो. ते मौन कृतघ्नपणाचे नव्हते, संकोचाचे होते. परक्याच्या चाकरीत गाजविलेले शौर्य कोणत्या खात्यावर मांडायचे, हे कळेना. पण खाते कळत नाही म्हणून रक्कमच खोडून टाकणे हा काही हिशेब नव्हे.

शिवाय घरातल्या घरातही वाटणीचा तंटा आहेच. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच मोडली. पुन्हा गरज लागली तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. इंग्रजाने वापरून टाकून दिले, असा आरोप करताना आपण हेही पाहिले पाहिजे, की 'मराठ्यांचा पराक्रम' म्हणून आपण जे मिरवितो, त्यात या शिपायाला आपण कितीदा जागा दिली. चर्चिलच्या एकनायकी आख्यानावर आपला आक्षेप खरा. पण आपल्या गावच्या आख्यानातही नायक बहुधा एकच असतो.

एकट्या नायकाची ही खोड आपल्या चांगल्या कलाकृतींतही शिरते. १९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच हिंदी डॉक्टर गेले. त्यांतले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर काढलेला चित्रपट घरोघरी पोहोचला, आणि तो पोहोचला हे चांगलेच झाले. पण त्याच पथकातले नागपूरचे डॉ. चोळकर विदर्भातल्या तरी किती घरांना ठाऊक आहेत? जो मेला त्याची कथा झाली. जे परत आले ते कथेबाहेर राहिले. चीनने मात्र कोटणिसांची समाधी जपली आणि त्यांच्या कुटुंबीयांची विचारपूस अनेक वर्षे चालू ठेवली, दोन देशांत युद्ध होऊन गेल्यानंतरही.

*

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. मित्राचा वाटा मोठ्या राष्ट्रांना आठवत नाही. तो आठवतो लहानांना. इटलीत मोंतोने नावाचे एक डोंगरी गाव आहे. २०२३ च्या जुलैत तेथे यशवंत घाडग्यांचे स्मारक उघडले गेले. पुतळा नव्हे, तोफ नव्हे; एक सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या शिपायाला स्वतःची कबरही नाही, ज्याचे नाव कासिनोच्या स्मारकावरील नावांत एक नाव म्हणून कोरलेले आहे, त्याला त्या गावाने असा दिवस-रात्रीचा सोबती करून ठेवले.

दुसरे उदाहरण पोलंडचे. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले. त्यांना देशोधडीला लावले होते ते शत्रूने नव्हे, तर मित्रराष्ट्र म्हणून गौरविल्या गेलेल्या रशियाने. १९४१ ला उघडणाऱ्या त्या वहीत न सापडणारी हीच ती माणसे. त्यांनी वळिवड्यात शाळा काढल्या, देवळे बांधली, आणि पुढे जगभर पांगली. पण वॉर्सा शहरात आज कोल्हापूरचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताचे पंतप्रधान तेथे गेले, तेव्हा कित्येक मराठी घरांना त्या स्मारकाचा प्रथमच पत्ता लागला. युद्धातल्या फत्तेच्या शेकडेवारीत वळिवड्याचे स्थान शून्य आहे. तेथे एकही गोळी सुटली नाही. तरी एका राष्ट्राच्या स्मृतीत त्या गावाचा वाटा कायमचा लिहिला गेला, कारण तो मागणाऱ्याने लिहिला नाही, घेणाऱ्याने लिहिला.

श्रेयाच्या वाङ्मयाची खरी कसोटी मला येथे दिसते. आपला वाटा आपणच सांगू लागलो, की तो नेहमी फुगतो. तो फुगला नाही तरी ऐकणाऱ्याला फुगलेला वाटतो. विश्वास बसतो तो दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिलेल्या ओळीवर. म्हणून त्या आठ राष्ट्रांच्या पंगतीत आपले नववे पान मांडून घेणे आणि बेरीज चारशेवर नेणे यात फारसा पुरुषार्थ नाही. आपल्या हाती आहे ती दुसरी बाजू. आपल्याबरोबर कोण कोण होते, हे आपण लिहू शकतो. कोहिमाच्या डोंगरात ओझी वाहणारे नागा, ब्रह्मदेशात आपल्या शेजारी लढलेले आफ्रिकन, महार पलटणीतला शिपाई, बाजार बसलेला कापूस घेऊन परतणारा वऱ्हाडी कुणबी, आणि चावडीवरच्या पाटीत नुसता आकडा होऊन राहिलेला माणूस.

निजामाने ठेवलेले फतेहखेर्डा हे नाव कागदोपत्री बराच काळ चालले. लोकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. आज गावकरी आणि सरकार दोघेही त्या गावाला साखरखेर्डाच म्हणतात. जिंकणाऱ्याने दिलेले नाव टिकले नाही, पण जिंकताना कोण सोबत होते आणि कोण पडले, हे मात्र लिहून ठेवावे लागते. ते लोकांच्या तोंडी आपोआप टिकत नाही. आपल्या गावच्या पाटीवरचा आकडा या दिवाळीत घरातल्या मुलांना वाचून दाखवावा, आणि त्यातले एखादे नाव आजी-आजोबांना अजून आठवत असेल, तर ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. वही त्यासाठीच असते.